दहा पट्ट्यांचा डबा

आधी ताईंचं सांगतो. देवरीत बाजाराच्या वाटेवर ज्यांचं मेडिकल आहे, त्या ताई. माझी बायको आज चुलीपुढं बसून मला टोमणे मारते, ते त्यांच्यामुळं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना आवडणार नाही. काय झालं ते मागून सांगतो. सांगायला लागलो की माणूस स्वतःचीच बाजू आधी मांडतो, आणि या गोष्टीत माझी बाजू मांडण्यासारखी नाही.

मी इकडचा नव्हे. लातूरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि चुलत भावाच्या मागं इकडं आलो. नागपूर-रायपूर हायवेवर त्यानं टायर-पंक्चरचं दुकान टाकलं होतं. पुढं तो गावी परतला, मी राहिलो. सोयरीक इथंच झाली, चिचगडकडच्या एका गावात. सासऱ्याची थोडी धानाची शेती. माझ्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या लांब? मग आम्ही मेलो तरी तू तिसऱ्या दिवशी येशील." आलोही तसाच, वडलांच्या वेळी, तिसऱ्या दिवशी. ते एक मनात आहेच.

मुलगी झाली तेव्हा बायकोचं रक्त फार गेलं. बाटल्या लावल्या, वाचली. पण दूध आलंच नाही. सासूनं नाना उपाय केले, गल्लीतल्या बायकांनी नाना गोष्टी बोलून घेतल्या. पुढं तिला थंडी वाजायची, एप्रिलच्या उन्हात सुद्धा. सकाळी उठवेना. भांडी घासता घासता तिथंच भिंतीला टेकून बसायची. मी म्हणायचो, "माझ्या आईनं पाच लेकरं काढली, दुसऱ्या आठवड्यात खुरपायला गेली." हे मी एकदा नाही, चार वर्षं म्हणालो. तिच्या माहेरची माणसं आडवी-तिडवी बोलतात, पण ती त्या दिवसांत बोलायचीच बंद झाली होती.

शेवटी गोंदियाला एका मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं. डोक्यात हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, ती बाकीच्यांना हुकूम सोडते. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ती सुकली. आता शरीरात जी दोन हार्मोन्स बनत नाहीत, ती बाहेरून गोळीनं द्यायची. रोज. जन्मभर.

मी विचारलं, "म्हणजे ती आळशी नव्हती?"

बायको बाजूच्या स्टुलावर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं बघत राहिली.

दोन गोळ्या होत्या. एक थायरॉईडची. तिची शंभर गोळ्यांची बाटली देवरीत कुठंही मिळते, आणि ती इतकी स्वस्त की माझा विश्वास बसेना. दुसरी स्टिरॉइडची, दिवसाला दीड. ती मात्र देवरीत कुणी ऐकलेली नव्हती. तीन दुकानं फिरलो. एक जण म्हणाला, "भैया, ये इधर कोई नहीं खाता." चौथं दुकान ताईंचं.

ताईंनी चिठ्ठी उन्हाकडं धरून वाचली. चष्मा कपाळावर सरकवला. "कोणाले हाये हे?"

"बायकोला."

"बसा जी. चहा घ्या." आणि फोनवर फोन लावत राहिल्या. आमगाव, गोंदिया, नागपूर. चौथ्या दिवशी गोळ्या आल्या. पुढं दर दीड-दोन महिन्यांनी त्या न सांगता मागवून ठेवायच्या. मी गेलो की काउंटरखालून काढून द्यायच्या, आणि दर वेळी एकच वाक्य: "हे एक दिवस बी चुकवू नको देऊ तिले. अन् थायरॉईडवाली एकटी कधी देऊ नको. आधी हे, मंग ते." मी मान हलवायचो. मान हलवायला काय लागतं.

तीन-चार महिन्यांत बायको माणसात आली. उन्हात चालायला लागली. लाखोरीच्या डाळीला फोडणी घालता घालता एकदा म्हणाली, "काऊन जी, आता नाई म्हणत, तुमच्या आईनं पाच काढले म्हणून?" मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

आता माझी अक्कल कुठं गेली ते सांगतो.

हायवेवर दुकान असलं की माणसाला एक गुर्मी येते. सगळ्या गाड्या आपल्यापुढून जातात. ड्रायव्हर ओळखीचे होतात. नागपूरहून संत्री, रायपूरहून कपडा, भिलाईहून जॅक, काहीही सांगा, चार दिवसांत हातात. पैसे वाचले की वाटतं आपण फार हुशार. माझ्या एका ड्रायव्हर दोस्ताला मी बोलता बोलता ती रिकामी पट्टी दाखवली. तो म्हणाला, "अरे, रायपुर में बड़े अस्पताल के सामने देखता हूँ." पुढच्या खेपेला त्यानं तीच पट्टी आणली. तीच कंपनी, तेवढीच ताकद, छापलेला भावही तोच. पण दुकानदारानं त्याला छापलेल्या भावापेक्षा बरंच कमी लावलं होतं. ताई मला पुरा भाव लावत होत्या.

माझं डोकं फिरलं. चार वर्षं बायकोला बोललो त्याचं ओझं होतं, ते कुणावर तरी टाकायचं होतं, असं आता वाटतं. तेव्हा असलं काही सुचलं नाही. तेव्हा वाटलं की आपण बाहेरचा माणूस, सातवी शिकलेला, म्हणून आपल्याला लुबाडतात.

बाजाराचा दिवस होता. ताईंच्या दुकानात दहा-बारा माणसं. मी दोन्ही पट्ट्या काउंटरवर आपटल्या.

"ताई, हे काय आहे?"

"काय झालं जी?"

"एकच गोळी, एकच भाव छापलाय. रायपूरवाला कमी घेतो, तुम्ही पुरे घेता. आजारी बाईच्या जिवावर बंगला बांधताय का?"

एक म्हातारा म्हणाला, "अरे बापू, हळू बोल." मी आणखी मोठ्यानं बोललो. मला आठवतंय ते सगळं लिहीत नाही. "चोर" हा शब्द होता, एवढं लिहितो. ताईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. त्या एका बाईच्या खोकल्याच्या औषधावर पेनानं टिकल्या काढत होत्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ. त्या काढून संपवल्या. मग म्हणाल्या, "ठीक हाये. रायपूरवरूनच आणत जा मंग. पण खंड नको पडू देऊ."

एवढंच. मी जिंकल्यासारखा बाहेर आलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमाले कायले लागते इतकं बोलाले?" मी म्हणालो, "तुला काय कळतं?"

सात-आठ महिने रायपूरची गोळी व्यवस्थित आली. वाचलेल्या पैशांत मुलीला सायकल घेतली, जुनी. ताईंच्या दुकानावरून जायचं टाळायचो. त्यांची स्कुटी पंक्चर झाली तर त्या माझ्याकडं यायच्या नाहीत, पुढच्या चौकात ढकलत न्यायच्या. एकदा मी पाहिलं त्यांना, ऊन मी म्हणत होतं, पदर खोचून स्कुटी ढकलत होत्या. मी मुद्दाम टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलो.

मग रोवण्याचे दिवस आले. इकडं धानाची रोपं लावायचं काम सुरू झालं की घरात माणूस राहत नाही, सगळी धानाच्या बांध्यांत, म्हणजे वावरात. आणि त्याच वेळी माझा ड्रायव्हर यायचा बंद झाला. फोन लागेना. पाच-सहा दिवसांनी दुसऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं की त्याच्या मालकानं त्याला ओडिशाच्या रूटवर टाकलंय.

घरात पाच गोळ्या होत्या. दीडच्या जागी मी बायकोला एक दिली, मग अर्धी. दुसऱ्या एका ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं आणल्या त्या भलत्याच गोळ्या. मग पट्टी संपली. ताईंचं दुकान माझ्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी म्हणालो, उद्या ड्रायव्हर येईल. दुसऱ्या दिवशी ताईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आणि दुकानात दोन माणसं उभी दिसली म्हणून परत फिरलो. त्यांच्यापुढं कसं जायचं? तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. थायरॉईडची बाटली मात्र अर्धी भरलेली होती. ती गोळी मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला देत होतो. मनाला समजावत होतो की चला, दोनातली एक तरी चालू आहे. ताईंनी इतक्या वेळा सांगितलेलं मला खरंच आठवलं नाही, की आठवून मी विसरलो, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी ती माहेरी गेली, रोवण्यावरच्या बायकांची शिदोरी घेऊन. सकाळी म्हणाली होती, "गरगर करून राहिलं जी." मी म्हणालो, "पित्त असेल." दहा-साडेदहाला साळ्याचा फोन. बांधावर तिला उलट्यांवर उलट्या झाल्या आणि ती चिखलात बसली ती उठलीच नाही. त्यानं मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एका बाईनं धरून, तिला देवरीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा तिच्या पायांना रोवण्याचा चिखल तसाच होता, वाळलेला. हात बर्फ. डॉक्टर ओरडत होते, "हिला काय चालू आहे? कुठली गोळी? बोला!"

मी खिशातून रिकामी पट्टी काढली. ती मी का जपली होती कोण जाणे. डॉक्टरांनी वाचली आणि नर्सला म्हणाले, "हायड्रोकॉर्टिसोन काढा, लवकर." पट्टीवर छापलेलं नाव तेच होतं. सलाईन लावलं, सुई दिली. अर्ध्या-पाऊण तासानं तिनं डोळे उघडले आणि मला पहिलं विचारलं ते मुलीचं.

मी डॉक्टरांना विचारलं, "इथं ही दवा आहे? देवरीत ही कुणी ठेवत नाही."

"इंजेक्शन सगळीकडं असतं. दम्याला लागतं, आणखी दहा गोष्टींना लागतं. गोळी लागते मोजक्या माणसांना. उद्यापासून गोळी सुरू झाली पाहिजे. कुठूनही आणा." मग बाजूला घेऊन म्हणाले, "थायरॉईडची चालू ठेवली आणि ही बंद केली? त्यानं शरीरातलं उरलंसुरलं स्टिरॉइडही लवकर संपतं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

दवाखान्यातून सरळ ताईंकडं गेलो. आता गल्लीच्या तोंडाला पाय थांबले नाहीत. दुकानात एकट्या होत्या. मी काही बोलायच्या आधी त्या म्हणाल्या, "खंड पडला ना?"

मी रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली.

"किती दिवस?"

"तीन पूर्ण. त्याआधी अर्धी-अर्धी."

"देवा!" त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. आत डबा होता. दहा पट्ट्यांचा, फोडलेला नाही. मी हात जोडले, म्हणालो, "ताई, द्या. पाय धरतो."

त्यांनी डबा उलटा करून माझ्यापुढं धरला. "मुदत वाच. मागल्या महिन्यात गेली."

"चालेल. एवढ्यानं काय होतं?"

"मी नाई देणार." डबा परत आत टाकला. "तुज्या भांडणाच्या दोन दिवस आधी आला होता हा. तुज्यासाठीच. त्यानंतर कोण घेणार होतं? देवरीत दुसरं कोण खाते?"

मला त्या घडीला जमिनीत जावंसं वाटलं, पण तेवढाही वेळ नव्हता. ताईंनी फोन लावायला सुरुवात केली होती. गोंदियात चार ठिकाणी नाही. पाचव्यानं सांगितलं, चार पट्ट्या आहेत, नेत असाल तर ठेवतो. मी म्हणालो, "मी जातो."

"तू बायकोपाशी बस. तू गेला का तिथं बी भाव करत बसशील." हे त्यांनी हसून म्हटलं नाही. शटर अर्धं खाली ओढलं, पर्स घेतली, आणि दुपारच्या बसनं गोंदियाला गेल्या. भर धंद्याच्या वेळी, दुकान बंद करून. पावसात पदर डोक्यावर घेऊन संध्याकाळी दवाखान्यात आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. पट्ट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ब्लाऊजमध्ये ठेवलेल्या. बायकोच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काऊन वं माय, तुज्या नवऱ्यानं तुले रायपूरले पाठवलं होतं का?"

बायको हसली. मी बाहेर जाऊन रडलो.

आठ-दहा दिवसांनी पैसे घेऊन गेलो. चार पट्ट्यांचे त्यांनी छापलेल्या भावानं घेतले, त्याच भावानं त्यांनी आणल्या होत्या. बसभाडं घेतलं नाही. त्या वाया गेलेल्या डब्याचे देऊ लागलो तर चिडल्या. मग मला बाकड्यावर बसवलं आणि काउंटरवर थायरॉईडची बाटली आणि ती पट्टी शेजारी शेजारी ठेवली.

"हे बघ. ही बाटली माह्याकडून दिवसाले पाच-सात जातात. कंपन्या दहा, सगळ्याच बनवून राहिल्या. म्हणून स्वस्त. ही पट्टी बनवणारे थोडे अन् खाणारे बी थोडे. ठोकवाला म्हणते पूर्ण डबा घ्या, एक पट्टी नाई पाठवत. बरं, त्याच्याकडंच पडून राहते म्हणून येते तवा मुदत थोडीच उरलेली असते. नाई विकली तर परत घेत नाई. समजलं?"

"मग रायपूरवाला?"

"त्याच्या समोर मोठा दवाखाना. त्याच्याकडं अशे पेशंट रोज येतात. डबा दोन दिवसांत संपते. तो भाव सोडू शकते. मी सोडला तर मी बुडतो." झाडीपट्टीतल्या, म्हणजे इकडच्या, कितीक बायांसारख्या ताईही स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं "मी बुडतो" म्हणतात. "छापलेल्या भावाच्या वर मी एक रुपया नाई घेतला. खाली नाई येऊ शकलो, ते खरं."

मी विचारलं, याच्या जागी दुसरी स्वस्त गोळी नसते का?

"असते. त्याच घरातली एक असते, सगळीकडं भेटते. पण ते तुज्या डॉक्टरले विचार. मी नाई ठरवणार, अन् तू तं अजिबात नाई." पुढच्या खेपेला विचारलं मी. डॉक्टर म्हणाले, गरज पडली तर बदलू, सध्या हीच चांगली लागू पडतेय, आणि खंड पडायची वेळ आलीच तर मला आधी फोन करायचा. तो नंबर दुकानात भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय, हवेच्या मशीनच्या वर.

त्या दिवशी ताई आणखी एक बोलल्या, ते मला झोपू देत नाही. म्हणाल्या, "तुजी बायको काय एकटीच असंल का? बाळंतपणात रक्त गेलेल्या बाया कमी हायेत का खेड्यात? पडून असतील कुठंतरी, घरचे आळशी म्हणून राहिले असतील." मला वाटलं हे मला उद्देशून. नव्हतं. त्यांना माझं ते चार वर्षांचं बोलणं ठाऊकच नव्हतं. त्यांचा हिशोब वेगळाच होता: "अशा चार जणी दवाखान्यात पोचल्या, तं माह्याकडचा डबा मुदतीच्या आत संपंल. मंग मी बी भाव सोडीन." तेव्हापासून ड्रायव्हर असो की बाजारकरी, कुणी बायको फार थकते म्हणाला की मी हातातलं काम थांबवून विचारतो, बाळंतपणात रक्त गेलं होतं का? दूध आलं होतं का? काही जण हसतात. एक जण चिडला. एकाची वहिनी मात्र तपासणीला गेली. अजून काही कळलेलं नाही.

गोळी आता ताईंकडूनच येते. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जातो, एकही चुकवत नाही. स्कुटी पंक्चर झाली की त्या माझ्याकडं येतात, पैसे देतात, मी घेत नाही, त्या हवेच्या मशीनवर ठेवून जातात.

पण एक राहिलंय. मी माफी मागितली ती त्या बाकड्यावर, दुकानात कुणी नसताना, हळू आवाजात. ताई म्हणाल्या, "झालं ते झालं." घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती तांदूळ पाखडत होती, सूप न थांबवता म्हणाली, "चोर म्हणाले तवा तं सारा बाजार आयकत होता. अन् माफी एकट्यात?"

तिचं खरं आहे. त्यानंतर दोनदा बाजाराच्या दिवशी गेलो. दोन्ही वेळा दुकान भरलेलं होतं, तो हळू बोल म्हणणारा म्हाताराही एकदा होता, आणि दोन्ही वेळा तोंडातून गोळीचंच नाव निघालं. गोळी घेतली आणि आलो. ताईंनी पट्टी देताना मुदतीवर बोट ठेवून दाखवलं, नेहमीसारखं.

भरल्या बाजारात मी त्यांची अब्रू घेतली, ती भरल्या बाजारातच परत द्यायची आहे. ज्या आवाजात "चोर" म्हणालो त्याच आवाजात सांगायचं आहे की या बाईनं माझ्यासाठी डबा मागवला, मी तो वाया घालवला, आणि तरी हिनं दुकान बंद करून माझ्या बायकोचा जीव आणला. इथं लिहिलं ते त्यासाठी तोंड तयार करायला. ताई, मी येणार आहे. बाजाराच्या दिवशी येणार, गर्दी असताना येणार, आणि बोलल्याशिवाय पायरी उतरणार नाही.